कोड उघडा, कुलूप बंद

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणं थांबवलं. दुसऱ्या दिवशी एकही संगणक त्यामुळे बंद पडला नाही. दुकानातली बिलं निघाली, झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट निघाल्या, घरोघरचे लॅपटॉप नेहमीसारखे सुरू झाले. थांबलं ते एवढंच, की यापुढे सापडणारी भोकं फुकटात बुजवून मिळणार नव्हती. विंडोज १०वरून विंडोज ११वर जाणं विनामूल्य आहे. पण त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ही आठवी पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. त्याआधीचे बहुतेक संगणक या चाळणीतून खाली पडले; त्यांचा पडदा, कीबोर्ड, मेमरी सगळं धडधाकट असताना. मग नेहमीचा वाद पेटला. एक म्हणतो, लिनक्स टाका, कटकट संपली. दुसरा म्हणतो, लिनक्स हे इंजिनिअर लोकांचं खेळणं, साध्या माणसाने त्या फंदात पडू नये. तिसरा म्हणतो, दोघांचं सोडा, पैसे साठवा आणि ॲपल घ्या. कोणतं वेगवान, कोणतं सुरक्षित, कोणतं सोपं यावर हा वाद गेली तीस वर्षं चालू आहे. पण त्या तारखेने पुढे आणलेला प्रश्न यातल्या कोणाच्याच तोंडी नसतो. पैसे मोजून घेतलेलं यंत्र किती दिवस वापरायचं, हे कोण ठरवतं? माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे, आणि ‘ओपन सोर्स की बंदिस्त’ या वादाने तो सुटत नाही, उलट झाकला जातो.

आधी मूळ गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि आपली कामं यांच्या मधला कारभारी. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, फाइल कुठे ठेवायची, प्रिंटरशी कसं बोलायचं, हे तो पाहतो. हा कारभारी ज्या सूचनांनी बनतो, त्या सूचना म्हणजे त्याचा सोर्स कोड. विंडोजचा कोड कंपनीच्या तिजोरीत असतो. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा, अशी परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांचा मुद्दा नैतिक होता: जे सॉफ्टवेअर मला बदलता येत नाही, ते माझ्यावर सत्ता गाजवतं. पुढे त्यांनी जीपीएल नावाचा परवाना तयार केला. त्याची मुख्य अट अशी, की बदललेलं सॉफ्टवेअर वाटायचं असेल तर त्याचा कोडही द्यायचा. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतला आणि वर्षभरात तो याच परवान्याखाली आणला. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग रुजवण्यात आला तो उद्योगजगताला पटावा म्हणून. त्यात स्वातंत्र्याची भाषा मागे पडली आणि ‘असं केलं तर सॉफ्टवेअर चांगलं होतं’ हा व्यवहारी सूर पुढे आला. हे दोन सूर वेगळे आहेत, आणि पुढचा सगळा गोंधळ त्यांच्यातल्या फटीत आहे.

व्यवहारी सुराची लढाई तर केव्हाच जिंकून झाली. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सशिवाय दुसरी सिस्टिम नाही. इंटरनेटचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. भारतातल्या शंभर स्मार्टफोनपैकी नव्वदहून अधिक अँड्रॉइडचे आहेत आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नल आहे. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलर मोजून गिटहब हे ओपन सोर्सचं सर्वांत मोठं ठिकाण विकत घेतलं. म्हणजे रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या खिशात आज उघड्या कोडचं यंत्र आहे. कोड उघडा असल्याने ग्राहकाच्या हाती सत्ता येत असती, तर आपल्याइतका स्वतंत्र ग्राहक इतिहासात झाला नसता. प्रत्यक्षात याच फोनवर कंपनीने टाकलेलं एखादं ॲप काढून टाकायचं म्हटलं, तरी अनेकदा फोन नाही म्हणतो.

हे कसं घडतं, याचा पहिला ठळक धडा टिवो या अमेरिकन यंत्राने दिला. टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारं हे उपकरण १९९९ मध्ये विक्रीला आलं. त्यात लिनक्स होतं, आणि कंपनीने परवान्याप्रमाणे कोड प्रसिद्धही केला. तो उतरवून घ्या, वाचा, बदला, काही हरकत नाही. फक्त बदललेला कोड परत त्याच यंत्रात घातला, की यंत्र चालायला नकार देई. कारण सुरू होताना ते कंपनीची डिजिटल सही तपासे आणि सही जुळली नाही तर थांबे. अक्षरशः पाहिलं तर परवाना पाळला गेला होता, पण त्याचा हेतू पराभूत झाला होता. स्टॉलमन यांच्या संस्थेने जून २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती काढली, ती बऱ्याच अंशी ही पळवाट बुजवण्यासाठी. टोरवाल्ड्स यांनी मात्र लिनक्स कर्नल जुन्या, दुसऱ्या आवृत्तीवरच ठेवला. त्यांचं म्हणणं असं, की मी कोड दिला, मला सुधारलेला कोड परत मिळाला, हिशेब मिटला. यंत्र कसं बनवायचं हा बनवणाऱ्याचा प्रश्न. प्रोग्रॅमरच्या बाजूने पाहिलं तर हे बिनतोड आहे. यंत्र विकत घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं, तर त्याच्या हातात कागद आला आणि किल्ली दुसऱ्याकडे राहिली. आजचे बहुतेक फोन, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स याच घडणीचे आहेत.

अँड्रॉइडमध्ये या किल्लीला आणखी एक पदर आहे. त्याचा मूळ भाग कोणीही घेऊ शकतो. पण लोक ज्याला अँड्रॉइड म्हणून ओळखतात ते म्हणजे प्ले स्टोअर, नकाशे, यूट्यूब आणि पडद्यामागे काम करणाऱ्या गूगलच्या सेवा. त्या बंदिस्त आहेत आणि वेगळ्या कराराने मिळतात. मे २०१९ मध्ये अमेरिकन सरकारने हुआवे या चिनी फोन कंपनीवर व्यापारी निर्बंध घातले तेव्हा हा फरक जगाला दिसला. त्याच वर्षी आलेल्या तिच्या मेट ३० फोनमध्ये अँड्रॉइडचा उघडा कोड होता, कारण तो कोणी रोखू शकत नव्हतं. पण गूगलची ॲप्स नव्हती, आणि चीनबाहेरच्या ग्राहकाला असा फोन घेण्यात काही अर्थ वाटला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला तो याच व्यवस्थेबद्दल: प्ले स्टोअर हवं असेल तर ॲप्सचा सगळा गठ्ठा फोनमध्ये आधीच भरून द्यायचा, आणि अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्त्यांच्या वाटेला जायचं नाही. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये अशाच कारणांसाठी ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला होता. न्यायालयाने तो पुढे थोडा कमी केला. दोन्ही प्रकरणांत कोड उघडा आहे की नाही, हा वादाचा विषयच नव्हता. वाद करारांचा होता.

आता अपडेटकडे पाहू, कारण यंत्राचं आयुष्य खरं तिथे ठरतं. ॲपलची सिस्टिम बंदिस्त; आयफोनवर दुसरी सिस्टिम टाकायची सोय नाही. तरीही २०१३ साली आलेल्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षा-दुरुस्ती मिळाली. त्याच काळात उघड्या कोडचे अँड्रॉइड फोन बहुधा दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडले जात. कारण साखळी लांब होती. गूगल नवी आवृत्ती काढणार, चिप बनवणारी कंपनी त्यासाठी ड्रायव्हर देणार, मग फोन कंपनी ते आपल्या मॉडेलवर बसवणार. यातल्या एकाने हात वर केले, की फोन अडकला. ही गाठ सैल करायला गूगलने २०१७ मध्ये ट्रेबल ही नवी रचना आणली, त्याचा उपयोग झाला. पण मोठी उडी आली ती २०२३च्या अखेरीस गूगलने पिक्सेल ८ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलक्सी एस२४ला सात वर्षांचं आश्वासन दिलं तेव्हा. एवढ्या थोड्या काळात इंजिनिअरिंगमध्ये काही क्रांती झाली नव्हती. नवे फोन पूर्वीइतके झपाट्याने खपेनासे झाले होते, ग्राहक फोन जास्त काळ वापरू लागला होता, आणि टिकाऊपणा हा विकण्याचा मुद्दा बनला. म्हणजे फोनचं वय हा बऱ्याच अंशी धंद्यातला निर्णय असतो. स्वस्त फोन घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातली कमी वर्षं येतात; आपल्याकडे बहुसंख्य ग्राहक तोच आहे.

संगणकाची गोष्ट थोडी निराळी आहे. १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या रचनेमुळे संगणक कोणाचाही असो, त्यावर पेन ड्राइव्ह लावून दुसरी सिस्टिम बसवता येते. विंडोज १०च्या यंत्रांना म्हणूनच वाट उरली; मुदत संपलेल्या बऱ्याच फोनना ती नाही. मग लिनक्स घराघरांत का गेलं नाही? ते अवघड आहे म्हणून, असं नेहमीचं उत्तर. पुरावा वेगळं सांगतो. २००७ मध्ये असूसने ईईई पीसी हा छोटा, स्वस्त लॅपटॉप लिनक्ससह काढला आणि तो धडाक्यात खपला. जुनं झालेलं विंडोज एक्सपी निवृत्तीच्या वाटेवर होतं. मायक्रोसॉफ्टने अशा स्वस्त यंत्रांसाठी त्याची मुदत वाढवली आणि थोड्याच काळात हे दालन विंडोजने भरून गेलं. २०२२ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र आलं, त्यात लिनक्स आहे. विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम त्यावर चालतात आणि खेळणाऱ्यांना आत काय आहे याचा पत्ताही नसतो. केरळने सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर नेलं, त्यावर पाठ्यपुस्तकं लिहिली, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. तिथली मुलं संगणक शिकतात ती लिनक्सवरच. खोक्यातून जे बाहेर येतं तेच माणूस वापरतो. सिस्टिम बदलण्याचं स्वातंत्र्य कागदावर सर्वांना आहे, पण दुकानात जे आधीच बसवून मिळतं त्याच्यापुढे ते फिकं पडतं.

मराठीपुरतं पाहिलं तर उघडेपणाचा सर्वांत मोठा फायदा आपल्याला वेगळ्याच दारातून मिळाला. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर एखाद्या विशिष्ट फॉन्टच्या आश्रयाने जगत होता. पुण्यातल्या सी-डॅकचं आयएसएम असो की पुण्याचंच श्री-लिपी, प्रत्येकाची अक्षरांना दिलेली सांकेतिक जागा वेगळी. फाइल आपली, मजकूर आपला, पण समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर खिचडी. या पॅकेजेसनी मराठी छपाई संगणकावर आणली हे त्यांचं श्रेय निर्विवाद आहे. पण त्या काळातल्या किती तरी पुस्तकांच्या आणि अंकांच्या फाइली आज उघडता येतात, वाचता येत नाहीत. युनिकोडने प्रत्येक अक्षराला सर्वांसाठी एकच क्रमांक दिला. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरी आली, म्हणजे बंदिस्त कंपनीनेही खुल्या मानकाचा मार्ग धरला. पुढे रेड हॅटचे लोहित फॉन्ट, मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू हे कोणालाही विनामूल्य वापरता येणारे फॉन्ट आले. जोडाक्षरं नीट जुळवणारं हार्फबझ हे ओपन सोर्स इंजिन आज अँड्रॉइडमध्येही आहे आणि फायरफॉक्समध्येही. मराठी माणूस आज कोणत्याही फोनवरून कोणत्याही संगणकावर बिनधास्त मजकूर पाठवतो तो या खुल्या मानकामुळे. कोणती सिस्टिम वापरता यापेक्षा तुमचा मजकूर कोणत्या स्वरूपात साठवला आहे, याला दीर्घकाळात जास्त किंमत असते.

यंत्राची किल्ली मालकाच्या हाती असावी, यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची, फाइल उघडली आणि खातं रिकामं झालं, अशा फसवणुकी आपल्याकडे सर्रास होतात. यंत्राला कुलूप असेल तर निदान चोराला अडथळा होतो. शिवाय कोड उघडा असला की हजार डोळे त्यावर असतात, हा ओपन सोर्सवाल्यांचा दावाही अर्धाच खरा आहे. २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड या लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदार सापडलं. ते सॉफ्टवेअर सांभाळणारा एक थकलेला स्वयंसेवक होता, आणि मदतीच्या मिषाने आलेल्याने त्याचा विश्वास संपादन केला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं, त्याने खणून पाहिलं आणि अनर्थ टळला. कोड उघडा होता म्हणून त्याला खणता आलं, हेही तितकंच खरं. दुसऱ्या बाजूला त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका दमात बंद पाडले आणि विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. तात्पर्य, सुरक्षेची हमी दोघांपैकी कोणीच देत नाही. ती सतत राखावी लागते. म्हणूनच कंपनी दुरुस्त्या देत असेपर्यंत यंत्राला कुलूप असण्याला माझा विरोध नाही. पण दुरुस्त्या थांबल्यानंतरही कुलूप कायम ठेवायचं, म्हणजे मालकाला भोकं पडलेल्या घरात कोंडून ठेवायचं. त्या क्षणापासून सुरक्षेचा युक्तिवाद कंपनीच्या बाजूचा उरत नाही.

दुसरा आक्षेप असा, की कोणतीही कंपनी एखाद्या उत्पादनाची जन्मभर सेवा करू शकत नाही. मान्य. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि दहा वर्षं सांभाळलं गेलं, ही वाईट कामगिरी नव्हे. पण काय शक्य आहे आणि काय नाही, ही रेषा कायद्याने आणि दबावाने हलते. मुदतीनंतर आणखी एक वर्ष दुरुस्त्या हव्या असतील तर मायक्रोसॉफ्टने तीस डॉलर किंवा आपल्या खात्याशी संगणक जोडून सेटिंग्ज साठवणं, असे पर्याय ठेवले. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्या लोकांना हे वर्ष पैसे न मोजता मिळालं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे स्मार्टफोनचं मॉडेल विक्रीतून गेल्यानंतर किमान पाच वर्षं सिस्टिमचे अपडेट उपलब्ध ठेवावे लागतात. यंत्र तेच, कंपन्या त्याच; फरक नियमांचा.

तिसरा आक्षेप म्युनिकच्या नावाने येतो. या जर्मन शहराने २००३ मध्ये पालिकेचे संगणक लिनक्सवर नेण्याचं ठरवलं, दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पालिकेच्या सभागृहाने परत विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. इतर कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण, खात्यांची खास सॉफ्टवेअर, राजकारण, सगळ्याचा त्यात वाटा होता. यावरून लोक म्हणतात, सामान्य माणसाला हे स्वातंत्र्य नकोच आहे. कोड उघडून वाचतो कोण? खरंच कोणी वाचत नाही. पण बजाजने जुनी चेतक बनवणं केव्हाच थांबवलं, तरी ती अजून रस्त्यावर दिसते, ती काय मालकाला इंजिन खोलता येतं म्हणून नव्हे. गल्लीतल्या मेकॅनिकला ते खोलण्यापासून कोणी अडवलेलं नाही म्हणून. दुरुस्तीचा अधिकार वापरणारे थोडे असतात, त्याचा लाभ सर्वांना होतो. म्युनिकची खरी शिकवण इतकीच, की सिस्टिम बदलून भागत नाही. कागदपत्रांचं खुलं स्वरूप, माणसांचं प्रशिक्षण आणि धोरणातलं सातत्य सोबत लागतं. केरळला ते जमलं. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने म्युनिकचा अनुभव समोर असताना २०२४ मध्ये सुमारे तीस हजार संगणकांवर लिबरऑफिस हे ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअर आणायचं जाहीर केलं.

त्यामुळे विंडोजवाले आणि लिनक्सवाले यांच्यात कोण जिंकलं याची ग्राहकाला चिंता करायचं कारण नाही. विकत घेताना त्याने तीन गोष्टी विचाराव्यात: अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, त्यानंतर दुसरी सिस्टिम टाकता येईल का, आणि माझा मजकूर कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडेल अशा स्वरूपात बाहेर काढता येईल का. दुकानदाराला आज याची उत्तरं ठाऊक नसतात, कारण ती खोक्यावर छापण्याची सक्ती नाही. औषधाच्या पाकिटावर मुदतीची तारीख असते. पंधरा हजारांच्या फोनवर अपडेटची तारीख छापायला शाईचा खर्च वाढणार नाही. इथे सरकारचा हात सर्वांत लांब पोचतो. केंद्राचं ओपन सोर्स वापराचं धोरण २०१५ पासून आहे, सी-डॅकची बॉस ही लिनक्सवर आधारित सिस्टिम त्याहून जुनी आहे, आणि ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये पोर्टलही सुरू केलं. पण शाळा, तहसील कार्यालयं आणि महामंडळं दरवर्षी जे संगणक आणि टॅब घेतात, त्यांच्या निविदेत अपडेटची किमान वर्षं आणि मुदत संपल्यावर कुलूप उघडून देण्याची अट घातली, तर एवढा मोठा ग्राहक गमावणं कोणत्याही कंपनीला परवडणार नाही. आणि जे सरकारला विकताना करावं लागेल, ते दुकानात नाकारायला कंपन्यांकडे सबब उरणार नाही.